'व्हॅस्क्युलर एज ४७' वाचून हिट सोडावं का? एका हौशी धावपटूला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगता येईल. वय ३६, घर परळला. कॉलेजात आणि नंतर मंडळाकडून कबड्डी खेळलात, गेली चार वर्षं धावताय, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची हाफ यंदा चांगल्या वेळेत मारायची आहे. नव्या कोच सरांनी दोन महिन्यांपासून आठवड्यातले चार दिवस हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग लावलंय, म्हणजे थोडा वेळ खूप जोरात, मग थोडी विश्रांती, असं आलटून पालटून; त्यालाच सगळे नुसतं 'हिट' म्हणतात. ऑफिसच्या आरोग्य शिबिरात दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधून रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. कागदावर १४ मीटर प्रतिसेकंद असा आकडा आला आणि खाली 'व्हॅस्क्युलर एज ४७'. घरी येऊन वाचलंत तर '१० च्या वर धोका' असं सापडलं. आता विचारताय, हिटमुळे धमन्या ताठ झाल्या का, आणि ते थांबवू का. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: वडिलांची बायपास ५१ व्या वर्षी झाली.

मी बावीस वर्षं दादर-परळ भागात खेळाडूंची तपासणी आणि व्यायामाची आखणी करतोय. बहुतेक कबड्डी-खोखोची मुलंमुली, आणि अलीकडे तुमच्यासारखे नोकरी सांभाळून धावणारे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. एक, त्या कागदावरच्या आकड्याचा अर्थ. दोन, हिट रक्तवाहिन्यांचं काय करतं, आणि किती केलं की काय करतं. तीन, ती शेवटची ओळ. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची तीच आहे, पण आधी कागदाची भीती घालवू, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

हृदयाचा ठोका पडला की धमन्यांमधून दाबाची एक लाट पुढे सरकते. भिंत लवचिक असेल तर लाट सावकाश जाते, ताठ असेल तर वेगानं. हा वेग म्हणजे तुमच्या कागदावरचा आकडा. पण तो कुठून कुठपर्यंत मोजला याला फार महत्त्व आहे. तुम्ही वाचलेली १० ची मर्यादा आहे मानेतल्या धमनीपासून जांघेतल्या धमनीपर्यंतच्या मोजणीची, म्हणजे प्रामुख्यानं महाधमनीची, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची. तुमची मोजणी दंड ते घोटा अशी झाली. त्या वाटेत पायाच्या धमन्या येतात, आणि त्यांच्या भिंतीत स्नायू जास्त असल्यामुळे त्या मुळातच महाधमनीपेक्षा ताठ असतात. त्यामुळे या पद्धतीत आकडा नेहमीच मोठा येतो. ही पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते ती जपानमध्ये, आणि तिथे धोक्याची रेषा १८ ला धरतात. तुम्ही एका पट्टीनं मोजून दुसऱ्या पट्टीवर वाचलंत. १४ हा आकडा तुमच्या वयाला थोडा चढा आहे, हे खरं. पण '१० च्या कितीतरी वर' असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

'व्हॅस्क्युलर एज' म्हणजे तर त्या यंत्रात साठवलेल्या सरासरीच्या रेषेवर तुमचा आकडा कोणत्या वयाशी जुळतो, एवढंच. शिवाय त्या दिवशीची परिस्थिती तुम्हीच लिहिली आहे. पहाटे मैदानावर इंटरव्हल, रात्री जेमतेम पाच तास झोप, ऑफिसात पोचल्यावर दोन कॉफी, आणि मग शिबिराच्या रांगेत उभे. रक्तदाब आला १३८/८६. लाटेचा वेग रक्तदाबाबरोबर वर जातो, कारण दाब वाढला की भिंतीतले कोलाजनचे न ताणणारे धागे भार घ्यायला लागतात आणि तीच धमनी त्या क्षणी जास्त ताठ वागते. कॉफीनं वेग वाढतो. अपुऱ्या झोपेनं रक्तदाब चढतो. कठीण व्यायामानंतर काही तास हे सगळे आकडे वरखाली होत राहतात. म्हणजे त्या कागदानं तुमच्या धमन्यांपेक्षा तुमच्या त्या सकाळचं वर्णन जास्त केलंय. माझ्याकडे असा कागद कुणी आणला की मी तो फाइलला लावतो आणि पुन्हा मोजायची तारीख देतो.

आता मुख्य मुद्दा. धमनीच्या आत, रक्ताला थेट लागून, पेशींचा एकच थर असतो: एंडोथेलियम. मी खेळाडूंना 'अस्तर' म्हणून सांगतो. या अस्तराला खूप काळ नुसतं वेष्टण समजायचे. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करताना दाखवलं की अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटाइलकोलिन हे रसायन टाकल्यावर धमनी सैल पडते, आणि हाताळताना अस्तर घासून गेलं असेल तर पडत नाही. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तर देतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, हे नंतर कळलं, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना त्यासाठी मिळालं.

अस्तर हा वायू सोडतं कधी? रक्त त्याच्यावरून जोरात वाहत घासलं जातं तेव्हा. तुम्ही धावायला लागता, पायांचे स्नायू रक्त मागतात, प्रवाह वाढतो, घर्षण वाढतं, आणि अस्तर भिंतीतल्या स्नायूला सांगतं, सैल हो, वाट दे. हे आठवड्यातून काही वेळा, अनेक आठवडे झालं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर (एन्झाइम) जास्त तयार करतं. आणखी काही महिने गेले की धमनीच पोसते: आतली पोकळी रुंद होते, भिंत पातळ होते. धावपटूच्या मांडीतली धमनी बसून काम करणाऱ्या माणसापेक्षा रुंद असते, ती याच वाटेनं.

हिटमध्ये हे घर्षण थोड्या वेळात खूप मोठ्या प्रमाणात मिळतं, म्हणून त्याच्याबद्दल एवढा उत्साह आहे. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या गटानं २००७ मध्ये हृदय कमजोर झालेल्या २७ रुग्णांवर चार-चार मिनिटांचे चार इंटरव्हल वापरले, कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर. मध्यम व्यायाम करणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १४ टक्क्यांनी वाढली, इंटरव्हलवाल्यांची ४६ टक्क्यांनी, आणि अस्तराचं कामही त्यांचंच जास्त सुधारलं. पुढे २०१५ मध्ये सात अभ्यासांतले १८२ रुग्ण एकत्र करून पाहिलं, तेव्हाही अस्तराच्या चाचणीत हिटचा फायदा मध्यम व्यायामाच्या सुमारे दुप्पट निघाला. पण याच ट्रॉन्डहाइमच्या पद्धतीचा मोठा, अनेक रुग्णालयांतला अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात २६१ रुग्ण होते, आणि हिट मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही. जवळपास निम्म्या लोकांना ठरवलेली तीव्रता गाठताच आली नव्हती. कागदावर हिट आणि प्रत्यक्षात हिट यांत अंतर पडतं, हे मी मैदानावर रोज पाहतो.

आणि हे सगळे रुग्ण होते. बिघडलेलं अस्तर सुधारायला जागा भरपूर असते. तुम्ही खेळाडू आहात, तुमच्यासाठी मला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २००८ चा अभ्यास जास्त जवळचा वाटतो. निरोगी तरुणांचे दोन गट. एक गट आठवड्याला पाच दिवस ४० ते ६० मिनिटं सायकल चालवायचा. दुसरा तीनच दिवस, ३० सेकंद जीव तोडून, मग विश्रांती, असे चार ते सहा वेळा. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत गुडघ्यामागच्या धमनीचं काम आणि लवचिकता सारखीच सुधारली. मानेतल्या धमनीची लवचिकता दोन्हींत बदलली नाही. कबड्डीवाल्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण ३० सेकंद म्हणजे बरोबर एका चढाईची मुदत. तुम्ही मैदानात वर्षानुवर्षं जे केलंत, पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेपावणं, मग परत रांगेत उभं राहून दम खाणं, ते इंटरव्हलच होते. तुमच्या पायांच्या धमन्यांना हे काम नवीन नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढच्या तपासणीनंतर पुन्हा घाबराल. अस्तराची चाचणी अशी असते: दंडाला किंवा हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, सोडायचं, आणि धमनी किती टक्के रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचं. खूप मुरलेल्या खेळाडूंमध्ये ही टक्केवारी बरेचदा सामान्य माणसाइतकीच येते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी यंत्रच बिघडलंय म्हणून तंत्रज्ञाकडून पुन्हा मोजून घेतलं होतं. पाच हजार मीटर धावणारी मुलगी, विश्रांतीतले ठोके ४८, आणि अस्तराचा आकडा तिच्यासोबत आलेल्या, अजिबात न धावणाऱ्या बहिणीइतकाच. लिव्हरपूलच्या गटानं २००८ मध्ये याचा उलगडा करणारं काम केलं. आठ आठवड्यांच्या व्यायामात अस्तराचा प्रतिसाद दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाढला आणि आठव्यापर्यंत पुन्हा मूळ पातळीकडे आला. त्याच वेळी धमनीची एकूण रुंदावण्याची क्षमता मात्र हळूहळू वाढत गेली. म्हणजे सुरुवातीला अस्तर जास्त मेहनत करून वाट देतं. मग धमनीच रुंद होते, घर्षण पुन्हा सोसवेल इतकं होतं, आणि अस्तराला जास्तीची मेहनत करायची गरज उरत नाही. म्हणून मुरलेल्या खेळाडूनं अशा एका टक्केवारीच्या मागे लागू नये.

आता तुमच्या चार दिवसांबद्दल. इथे मी तुमच्या सरांशी असहमत आहे, आणि त्याचं कारण मांडतो.

कठीण व्यायाम संपल्यावर लगेचच्या काळात अस्तराचं काम बऱ्याचदा खाली जातं, मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, सावरतं आणि पूर्वीपेक्षा वर येतं. घर्षणासोबत उच्च दाब असतो, ऑक्सिडेशनचा ताण असतो, सूज आणणारी रसायनं वाढतात. हे वाईट नाही. हाच तो धक्का, ज्याला उत्तर म्हणून शरीर सुधारतं. पण सुधारणा होते ती मधल्या तासांत. पुढचा धक्का त्याआधीच दिला तर तुम्ही खाली गेलेल्या पातळीवरून आणखी खाली जाता. तीव्र दिवसांमध्ये म्हणूनच किमान ४८ तास मी सोडतो. रक्तवाहिन्यांवर नव्हे, पण स्नायूंमधल्या ऊर्जेच्या कारखान्यांवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियावर, स्टॉकहोममध्ये झालेलं २०२१ चं एक काम इथे उपयोगी आहे. अकरा निरोगी लोकांचं हिट दर आठवड्याला वाढवत नेलं. तिसऱ्या आठवड्यात ते १५२ मिनिटांवर गेलं तेव्हा मायटोकॉन्ड्रियाचं काम घसरलं आणि साखर हाताळण्याची क्षमताही बिघडली. प्रमाण कमी केल्यावर ते बरंचसं सावरलं. तुम्ही सांगितलेली सत्रं मी जोडून पाहिली. निव्वळ जोराची मिनिटं १२० च्या आसपास जातात, वर ऑफिस आणि पाच तासांची झोप.

काही वर्षांपूर्वी एका संघाच्या प्रशिक्षकांनी स्पर्धेआधीच्या महिन्यात मुलींना रोज सकाळी स्प्रिंट आणि रोज संध्याकाळी सराव लावला. तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार रक्तवाहिन्यांची नव्हतीच. 'पाय जड पडतात, झोप लागत नाही, चिडचिड होते.' पण सकाळचे ठोके दहा-बाराने वाढलेले, आणि ज्यांचा रक्तदाब मी वर्षभर ११० च्या घरात लिहीत आलो होतो त्यांचा १२८, १३०. दहा दिवस फक्त सावकाश धावणं आणि झोप दिली, आकडे जागेवर आले. तुमचा १३८ मला त्या महिन्याची आठवण करून देतो. खात्री नाही देत, कारण तुमच्या घरात वडिलांचा इतिहास आहे आणि १३८ ची सुरुवात दुसरीकडूनही असू शकते. म्हणून मोजायला लागेल.

दुसरा प्रश्न, तुमचं हिट नेमकं आहे काय? तुम्ही लिहिलंय, दोन दिवस मैदानावर धावणं आणि दोन दिवस जिममध्ये 'सर्किट'. धावणं आणि वजनांचं सर्किट यांना एकाच नावानं हाक मारली तरी धमनीला त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धावताना स्नायू आकुंचन पावतो आणि लगेच सैल होतो, रक्त वाहत राहतं, घर्षण मिळतं. जड वजन उचलताना श्वास रोखला, पोट आवळलं, की रक्तदाब भयंकर चढतो. १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट सुई घालून मोजलं होतं, दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० भरला. क्षणभराचा असतो, पण दर रिपीटला येतो. जपानमध्ये २००४ मध्ये तरुणांना चार महिने जड वजनं करायला लावली, तेव्हा मानेतल्या धमनीची लवचिकता सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी झाली. वजनं थांबवल्यावर ती परत आली. सगळ्या अभ्यासांत असं दिसत नाही, आणि वजनांचे स्वतःचे फायदे आहेत, तुमच्या गुडघ्यांसाठी तर नक्कीच. म्हणून मी वजनं बंद करायला सांगत नाही. दोनच गोष्टी सांगतो. उचलताना श्वास सोडा, कबड्डीवाल्यांना पकडीत श्वास कोंडायची सवय असते ती जिममध्ये येते. आणि वजनांनंतर वीस-पंचवीस मिनिटं सावकाश धावा. याच क्रमानं, आधी वजनं आणि मग धावणं, केलं तर ताठरपणा वाढत नाही, उलट कमी होतो, असं जपानमधल्याच दुसऱ्या एका गटाला दिसलं आहे. हा बदल फुकटचा आहे.

मुंबईत राहून एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे हवा. एडिंबरोत ३० निरोगी पुरुषांना डिझेलच्या धुरात तासभर अधूनमधून सायकल चालवायला लावली. धूर थांबल्यावर सहा तासांनीही त्यांच्या रक्तवाहिन्या नीट रुंदावत नव्हत्या. इंटरव्हलमध्ये तुम्ही साध्या श्वासाच्या कितीतरी पट हवा आत ओढता. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमकं तुमच्या तयारीच्या ऐन भरात, आपल्याकडे सकाळी वारा पडलेला असतो आणि धूर खाली बसतो. समोरची इमारत धुरकट दिसत असेल त्या दिवशी मी तीव्र सत्र उद्यावर ढकलतो किंवा बंदिस्त जागेत ट्रेडमिलवर नेतो. पुलाखालचा, सिग्नलजवळचा, बांधकामाशेजारचा रस्ता इंटरव्हलसाठी कधीच नको. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती धावण्यापेक्षा मैदानाच्या आत धावा, तेवढ्यानंही गाड्यांपासून अंतर पडतं. आणि दमट हवेत ठोके आपोआप वर सरकतात. ऑक्टोबरात घड्याळ सांगेल की तुम्ही ९० टक्क्यांवर आहात, प्रत्यक्षात वेग नेहमीपेक्षा कमी असेल. त्या दिवशी वेग सोडा, ठोके पाळा.

तंबाखूचं तुम्ही काही लिहिलं नाही, तरी विचारतो, कारण कबड्डीच्या मंडळांत मावा आणि घराघरांत मशेरी अजून आहे, आणि 'सिगरेट ओढत नाही' म्हणणारा माणूस हे मोजतच नाही. निकोटीन कोणत्याही वाटेनं गेलं तरी धमनी आकसते आणि दाब चढतो. दिवसातून तीनदा ते करून आठवड्यातून तीनदा इंटरव्हल मारले तर हिशेब कुठे जातो ते दिसतंच.

खाण्याबद्दल थोडंच. बीट, पालक, मेथी, अळू यांतलं नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइडपर्यंत पोचतं, आणि त्या प्रवासातला पहिला टप्पा जिभेवरचे जिवाणू करतात. जंतुनाशक माउथवॉशनं रोज चुळा भरणाऱ्यांत हा टप्पा तुटतो. व्यायामानंतर रक्तदाब जो छान खाली येतो, तोही माउथवॉशनं बराचसा पुसला जातो असं दिसलं आहे. दंतवैद्यानं सांगितलं नसेल तर त्याची गरज नाही. सत्राआधी प्यायच्या चमचमीत पावडरींपेक्षा अळूची भाजी मला कधीही पटते. आणि सांधेदुखीसाठी वरचेवर पेनकिलर घेत असाल तर तेही सांगा, त्यांपैकी अनेक गोळ्या रक्तदाब वाढवतात.

आता ती शेवटची ओळ. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो तुमच्यासाठी स्वतंत्र धोका धरतात. चार वर्षं धावल्यानं तो पुसला जात नाही. आपल्या लोकांत हा आजार लवकर येतो. आणि व्यायामाच्या तीव्रतेबद्दल एक डच अभ्यास आहे, २०२३ चा. मध्यमवयीन आणि त्याहून मोठ्या २८९ हौशी खेळाडू पुरुषांना सहा वर्षांहून जास्त काळ पाहिलं. एकूण किती व्यायाम केला याचा हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत साठणाऱ्या कॅल्शियमच्या वाढीशी संबंध दिसला नाही. पण अतितीव्र व्यायामाचा वाटा जास्त असलेल्यांत ते जास्त वाढलं, आणि त्याखालच्या जोमदार पातळीचा वाटा जास्त असलेल्यांत कमी. यावरून 'हिट घातक' असा निष्कर्ष मी काढत नाही. कॅल्शियम वाढलं म्हणजे झटके वाढले, असं त्यांनी दाखवलेलं नाही, आणि खेळाडूंमधले असे साठे पुष्कळदा घट्ट, न फुटणाऱ्या जातीचे असतात. मी एवढंच काढतो की ज्याच्या घरात इतिहास आहे त्यानं जीव तोडून मारायची मिनिटं मोजून वापरावीत, आणि आधी तपासून घ्यावं.

काय तपासायचं? हिमोग्लोबिन, साखर, पूर्ण लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), आणि आयुष्यात एकदाच करायची लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची पातळी, जी बहुतांशी आईवडिलांकडूनच येते आणि धावून कमी होत नाही. ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवरची चाचणी. त्यात ठोके आणि ईसीजीसोबत व्यायामातला रक्तदाबही पाहायला सांगा. पुरुषांत वरचा आकडा २१० च्या पलीकडे गेला तर तो नोंदवण्याजोगा असतो, आणि विश्रांतीतला दाब ठीक दिसणाऱ्यांत पुढची सूचना बरेचदा तिथेच मिळते. घरी दंडाचं यंत्र घ्या. सात दिवस सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, कॉफीआधी, पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजा, आणि रात्री झोपताना दोनदा. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती शिबिराच्या कागदापेक्षा शंभरपट महत्त्वाची गोष्ट आहे, डॉक्टरांकडे जा.

हे होईपर्यंत हिट पूर्ण सोडू नका असं सांगायचा मोह होतोय, पण वडिलांचा इतिहास आणि १३८ एकत्र पाहता ट्रेडमिलचा निकाल येईपर्यंत तीव्र सत्रं थांबवा. बोलता येईल इतक्या वेगानं धावत राहा. दोन आठवड्यांत तुमची हाफ बिघडत नाही. धावताना छातीत आवळल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात दुखला, चक्कर आली, नेहमीच्या वेगाला अचानक जास्त धाप लागली, तर 'गॅस असेल' म्हणून घरी जायचं नाही, तिथूनच रुग्णालयात जायचं.

निकाल ठीक आला तर मी तुमच्यासाठी असं करीन. आठवड्याला दोनच तीव्र दिवस, मंगळवार आणि शुक्रवार म्हणू. मंगळवारी दहा-बारा मिनिटं वॉर्म-अप, मग चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं हलकं जॉगिंग, असे चार वेळा. तुमच्या वयाला कमाल ठोके अंदाजे १८३ धरले तर जोराच्या भागात दुसऱ्या मिनिटापासून १५६ ते १७० च्या मध्ये. हा अंदाज दहानं इकडेतिकडे असू शकतो, ट्रेडमिलवर खरा आकडा मिळाला की तो वापरू. शेवटचा इंटरव्हल पहिल्याइतकाच जमला पाहिजे. चौथ्यात वेग कोसळत असेल तर पहिला जास्त जोरात गेला. शुक्रवारी छोटे: ३० सेकंद चढावर, उतरताना चालत, सहा ते आठ. पेडर रोडच्या चढाची तयारी त्यातच होईल. दोन दिवस वजनं, त्यांच्यामागे सावकाश धावणं. रविवारी लांब आणि संथ. उरलेले दिवस चालणं आणि झोप. सकाळी उठल्या उठल्या ठोके मोजत जा. नेहमीपेक्षा सात-आठनं जास्त आले तर त्या दिवशीचं तीव्र सत्र आपोआप रद्द. सरांना हे पटत नसेल तर त्यांना माझ्याशी बोलू द्या. त्यांचा हेतू तुम्हाला वेगवान करायचाच आहे, आणि दोन चांगले दिवस चार थकलेल्या दिवसांपेक्षा घड्याळातही जास्त देतात, हे मी त्यांना त्यांच्याच खेळाडूंच्या वेळांवरून दाखवीन.

आदल्या दिवशी तीव्र व्यायाम नाही, सात तास झोप, सकाळी कॉफीच्या आधी, दहा मिनिटं आडवं पडून मग मोजणी: लाटेच्या वेगाची चाचणी अशी पुन्हा करा, शक्य असेल तर मान ते जांघ पद्धतीनं, आणि तीही बारा आठवड्यांनी. दर महिन्याला मोजून काही हाती लागत नाही. त्याआधी मला दोन गोष्टी हव्यात: सात दिवसांच्या घरच्या रक्तदाबाचे आकडे, आणि वडिलांच्या बायपासच्या वेळचे त्यांचे कोलेस्टेरॉल-साखरेचे कागद, घरात कुठे जपून ठेवले असतील तर.